उजव्या कुशीवर

"शेषेरावला सोलापूरला नेलं की बाई, परवाच्या दिशी," दगडोबा म्हणाला आणि सायकल ढकलत पुढं गेला. दगडोबा हा शेषेरावच्याच दाळमिलमधला दिवसपाळीचा पहारेकरी. त्याला कामावर जायची घाई होती, आणि ही बातमी त्यानं कुणालाही सांगावी तशी सहज सांगितली होती. डॉक्टर पंचशीला सोनकांबळे गंजगोलाईच्या बाजाराच्या कडेला, मिरच्यांच्या पोत्यांपाशी उभी राहिली. तिला दगडोबाला थांबवून विचारायचं होतं, काय झालं, कुणी नेलं, शुद्धीवर होता का. पण तोवर तो गर्दीत शिरला होता. मिरचीच्या खाटानं तिला ठसका लागला. मिरचीवाल्या बाईनं वर न बघताच म्हटलं, "सरकून उभं राव्हा ताई, वारं तिकडंच यायलंय." ती सरकली. सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आत्ताच पाठीला चावत होतं.

सोलापूर. लातूरला ज्याचं जमत नाही ते सोलापूरला न्यायचं, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, पाट्यांवर तालुका खोडून जिल्हा लिहून झालं होतं, कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत बसल्या होत्या, पण माणूस मरायला टेकला की अजून जीप सोलापूरच्याच रस्त्याला लागायची. त्यामुळे 'सोलापूरला नेलं' हे वाक्य लातुरात एका ठरावीक आवाजात बोललं जाई. पंचशीलाला तो आवाज ओळखू यायचा. दगडोबाच्या बोलण्यात तो होता की नव्हता, हे ती दवाखान्यापर्यंतच्या पाऊण मैलात आठवून आठवून पाहत राहिली. होता असं वाटलं. मग नव्हता असं वाटलं. मग दगडोबाचा चेहराच आठवेना, फक्त सायकलच्या हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी आठवली.

शेषेराव पहिल्यांदा आला तो दिवाळी उलटल्यावर. चाकूरकडच्या एका खेड्यातला, पन्नाशीचा, उंच, थोडा वाकलेला. दुसऱ्या वर्षीही पावसानं दगा दिल्यावर जमीन भावावर सोपवून बायकोसह लातूरला आलेला. दाळमिलमध्ये रात्रीचा पहारा मिळाला होता. पोट गच्च होतं, करपट ढेकर येतात, भूक नाही, जिभेला चव नाही, मधूनच दोन दिवस आव पडते आणि बंद होते. असं सांगणारे दिवसाला तीस तरी असायचे. दवाखान्याचा कंपाउंडर संगप्पा निलंग्याकडचा होता, तीस वर्षं औषधं वाटून त्याचे केस पिकले होते. त्यानं त्यांची वेगळी रांगच करून टाकली होती. "पोटवाले भिंतीच्या कडंनं, तापवाले उन्हात," असं तो ओरडायचा, कारण पोटवाले लगेच मरत नाहीत असा त्याचा अनुभव होता. पोटवाले सगळे एकच बोलायचे. गॅस झालाय. लिव्हर सुजलंय. लिव्हर हा शब्द कुठून कसा पण गावोगाव पोचला होता आणि टॉनिकची बाटली लिहून दिली नाही तर डॉक्टरला काही येत नाही असं ठरायचं. पंचशीला त्यांना आडवं करून पोट दाबायची, जीभ पाहायची, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढायची. बहुतेकांच्या पोटात काहीच नसायचं. म्हणजे खरंच काही नसायचं, सकाळपासून अन्नही नसायचं. रोजगार हमीच्या खडीवर बसून बसून, टँकरची वाट बघून बघून, ज्वारीच्या भाकरीवर नुसतं तिखट खाऊन पोट जळायचंच. त्याला ती काय नाव देणार? ती पांढऱ्या गोळ्या द्यायची आणि सांगायची, पंधरा दिवसांनी या. कमी झालं तरी या, नाही झालं तरी या. वाट पाहणं हेही औषध असतं, हे तिला तिच्या सरांनी शिकवलं होतं. पण वाट पाहताना प्रत्येक वेळी माणूस नव्यानं बघायचा, ही त्यातली अट होती.

शेषेराव पंधरा दिवसांचा महिना करायचा, पण नेमानं यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा तिनं पोट पाहिलं होतं. दुसऱ्यांदा पाहिलं होतं. तिसऱ्यांदा पाहिलं होतं. तिला ते तिन्ही वेळचं पोट आठवत होतं, खोलगट, मऊ, बेंबीजवळ बिब्ब्याचा जुना डाग. चौथ्या वेळी... दवाखान्याची पायरी चढताना ती थबकली. चौथ्या वेळचं पोट तिला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं कारण तिनं ते पाहिलं नव्हतं.

तो फेब्रुवारीचा शेवट होता. तीन दिवस टँकर आला नव्हता. दवाखान्यात एक बादली पाणी उरलं होतं, त्यातलं अर्धं सुया उकळायला ठेवायचं होतं. आंघोळीला पाणी नाही म्हणून गल्लीच्या गल्ली खरजेनं भरल्या होत्या. एका अंगाला हात लावून दुसऱ्याला लावायचा तर मध्ये हात धुवायला हवेत, आणि सावलॉनच्या तसराळ्यातलं पाणी साडेअकरापर्यंत चहासारखं झालं होतं. संगप्पानं येऊन सांगितलं, "म्याडम, पाणी सरलं. आता बोलून बोलूनच भागवा." तो सहज म्हणाला होता, आणि तिला त्याचं हसूही आलं होतं. त्यानंतरच्या पंचवीस-तीस जणांना तिनं टेबलाच्या पलीकडूनच विचारलं. काय होतंय? कधीपासून? तेच आहे का? तेच औषध न्या. शेषेराव त्या पंचवीस-तिसांत होता. तो स्टुलावर बसला, थोडा एका बाजूला कलून. तो काहीतरी म्हणाला होता झोपेबद्दल. कुशीवर झोपता येत नाही असं काहीसं. डाव्या की उजव्या?

त्या दिवशी, म्हणजे बातमी कळली त्या गुरुवारी, दवाखान्यात एकशे चार माणसं आली. पंचशीलानं एकशे चार जणांच्या पोटाला हात लावला. बोटाला काटा रुतलेल्या बाईच्या पोटालाही लावला. ती बाई लाजून हसली आणि म्हणाली, "तसलं काय न्हाई हो बाई, माझं ऑपरेशन झालंय." रांग बाराला फाटकाबाहेर गेली. संगप्पा दारातून दोनदा डोकावून गेला आणि तिसऱ्यांदा आत येऊन पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवून गेला. तिच्या बोटांखालून पोटं जात होती, सैल, ताणलेली, गुदगुल्या होऊन आक्रसणारी, आणि प्रत्येक पोटाखाली तिला उजव्या बरगडीच्या काठाशी काहीतरी टणक लागल्यासारखं व्हायचं. पुन्हा दाबलं की नसायचं. डावी की उजवी. डावी असेल तर काही नाही. उजवी असेल तर तिथं यकृत आहे, आणि यकृत सुजलं की माणसाला त्या कुशीवर निजता येत नाही किंवा फक्त त्याच कुशीवर निजता येतं, हे मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगाही सांगेल. त्यानं सांगितलं असताना तिनं ऐकलं नव्हतं का? पण ऐकलं नसतं तर आत्ता 'कूस' हा शब्द तरी कुठून आठवला असता? ओपीडीच्या रजिस्टरात फक्त नाव, वय आणि 'पोटदुखी' एवढंच होतं. बाकीचं सगळं शेषेरावच्या केसपेपरावर होतं, आणि केसपेपर ज्याचा त्याच्याकडंच राहायचा, म्हणजे तो शेषेरावबरोबर सोलापूरला गेला असणार.

तिसऱ्या वर्षाला असताना सरांनी पहिल्यांदा यकृत तपासायला शिकवलं त्या दिवशी ती वसतिगृहाच्या मोरीत जाऊन रडली होती. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याच्या पोटावर तिनं हात आडवा ठेवला होता, सर म्हणाले होते, बाबा, श्वास घ्या, आणि श्वासाबरोबर एक गुळगुळीत काठ खाली सरकून तिच्या बोटाला अलगद टेकला आणि परत वर गेला. इतकं सोपं होतं ते. अर्ध्या मिनिटाचं काम. तिचे वडील ग्यानोबा नांदेडच्या गिरणीत कापसाच्या गाठी उचलायचे. ती अकरा वर्षांची असताना त्यांचं पोट बिघडलं. धर्मांतराच्या पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलीचं नाव त्यांनी मोठ्या हौसेनं पंचशीला ठेवलं होतं, आणि दवाखान्यात जाताना ते तिला बरोबर न्यायचे, डॉक्टर काय लिहितो ते वाचायला. डॉक्टर नामांकित होता. त्याच्याकडे एक उंच टेबल होतं आणि टेबलापासून चार हात लांब एक बाकडं. ग्यानोबा बाकड्यावर बसायचे. डॉक्टर तिथूनच विचारायचा, काय होतंय, आणि लिहायचा. कंपाउंडर गोळ्या पुडीत बांधून वरून त्यांच्या ओंजळीत सोडायचा. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या माणसांना तो डॉक्टर टेबलावर आडवं करायचा हे तिला दिसत होतं. येताना रस्त्यात ग्यानोबा म्हणायचे, "लई हुशार डॉक्टर हाय पोरी. माझं पोट न बघताच ओळखायलाय." ते खरंच अभिमानानं म्हणायचे, की तिच्यासाठी म्हणायचे, हे तिला कधीच कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे झाले, आणि आई कस्तुराबाईनं त्यांना घरीच ठेवलं, कारण आता कुठं न्यायचं ते कुणाला माहीत नव्हतं.

पंचशीलानं म्हणून नेम केला होता. तिच्याकडे आलेल्या माणसाला ती हात लावणार. मग तो पाटील असो, पारधी असो, खरजेनं भरलेला असो. काही लोक सुरुवातीला अंग चोरायचे, सोनकांबळे हे आडनाव पाटीवर वाचून. चोरू देत. ती हात लावायचीच. सात वर्षांत हा नेम मोडला नव्हता, आणि मोडला तो कुठल्या मोठ्या कारणानं नाही, एका बादलीनं. तिला हे कुणाला सांगताही येईना. सांगून सांगणार काय? पाणी नव्हतं. नव्हतंच. त्या डॉक्टरकडेही काहीतरी कारण असेलच की. हा विचार मनात आला आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. त्या डॉक्टरला ती आयुष्यात पहिल्यांदाच समजून घेत होती, आणि समजून घेतल्यावर जास्तच भीती वाटत होती.

शुक्रवारी सकाळी ती दाळमिलच्या फाटकाशी गेली. दगडोबा म्हणाला, भावानं जीप करून नेलं, लई ताप होता, थरथर कापत होता. जिवंत आहे का, असं तिला विचारायचं होतं. तिनं विचारलं, "काही निरोप आला का?" दगडोबा म्हणाला, "न्हाई की."

रविवारी ती पहिल्या एस्टीनं निघाली. औसा मागं पडलं, तुळजापूरचा घाट आला, आणि सगळ्या वाटेवर जमीन भाजलेल्या मडक्यासारखी पसरली होती. शेजारची बाई सारखी विचारत होती, कुणी दवाखान्यात हाय का तुमचं? पंचशीला आधी नाही म्हणाली. मग हो म्हणाली. कोण, असं बाईनं विचारल्यावर तिनं उगाच म्हटलं, "ओळखीचे आहेत." गुरुवारपासून तिच्या स्वतःच्या घशाशी आंबट येत होतं, आणि आपण पोटवाल्यांच्या रांगेत भिंतीच्या कडेनं उभे आहोत असं तिला वाटून गेलं. कुणी विचारलं असतं तर ती काय सांगणार होती? कसंतरीच होतंय. कुठं? सगळीकडंच.

मोठ्या सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात खिडकीखालच्या खाटेवर शेषेराव होता. जिवंत होता. गालफडं बसली होती, डोळे खोल गेले होते, पण तिला बघताच तो कोपरावर उठायला लागला. "आरं, बाई आल्या! केवळा, आपल्या बाई आल्या बघ!" शेजारच्या चार खाटांवरच्या माणसांनी माना वळवल्या. "आमच्या लातूरच्या डागदर बाई ह्या. हितपोतर आल्या माझ्यासाठी." केवळाबाई, त्याची बायको, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. ती उठली आणि पदर सारखा करून उभी राहिली. तिनं पंचशीलाकडं पाहिलं, हसली नाही, पण बसायला स्टूल पुढं सरकवलं.

वॉर्डातला डॉक्टर तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असावा, रात्रभराच्या ड्यूटीनं सुजलेल्या डोळ्यांचा. तिनं आपण कोण ते सांगितल्यावर तो अदबीनं उभा राहिला. यकृतात गळू, म्हणाला. आवेच्या जंतूंचं. शुक्रवारी सुई घालून पाऊण लिटर पू काढला, अजून एकदा काढावा लागेल, पण ताप उतरलाय. बहुतेक वाचेल. मग तो म्हणाला, "तुमचा पेपर होता म्हणून बरं झालं. इतकं नीट लिहिलेलं आमच्याकडे येत नाही कधी," आणि त्यानं फाइलमधून तो काढला. पिवळट, घामानं मऊ झालेला, चार घड्यांचा केसपेपर. चार तारखा. चौथ्या तारखेखाली तिच्या स्वतःच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं, उजव्या कुशीवर झोपता येत नाही. आणि त्याच्या खाली, तेच औषध पंधरा दिवस.

तिनं ते दोनदा वाचलं. म्हणजे तिनं ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, लिहूनही घेतलं होतं. कान चालू होते, पेन चालू होतं, फक्त हात टेबलाच्या अलीकडं राहिला होता. तिनं त्या तरुण डॉक्टरला विचारलं, "तीन आठवड्यांपूर्वी तपासलं असतं तर हाताला लागलं असतं का?" त्यानं पेपरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला काय कळायचं ते कळलं. तो सांभाळून म्हणाला, "सांगता येत नाही, मॅडम. लागलं असतं कदाचित. नसतंही. अशी कितीतरी हातून जातात." त्यानं पेपर परत घडी घालून फाइलमध्ये ठेवला, हळूच, जणू काही त्याला इजा होईल.

शेषेरावचं बोलणं संपत नव्हतं. सुई केवढी होती, पू कसला होता, उसाच्या मळीसारखा, भाऊ कसा रडला. "म्या हितल्या डागदर पोराला सांगितलं, आमच्या बाईंनी चार महिने जपलं म्हून हितवर आलो, न्हाई तर कवाच गेलो असतो." पंचशीलाचा हात त्याच्या मनगटावर होता आणि नाडी मोजता मोजता तिचे आकडे चुकत होते. तिला त्याला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण तो थकून डोळे मिटत होता, आणि झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं, ते तिला ढवळवेना. असं तिनं स्वतःला सांगितलं. केवळाबाई तिला पोचवायला व्हरांड्यात आली, तेव्हा नळाच्या कोरड्या हौदाशी पंचशीला थांबली आणि म्हणाली, "केवळाबाई, एक सांगायचं होतं. शेवटच्या खेपेला ते आले होते ना, तेव्हा मी त्यांचं पोट तपासलं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं होतं कुशीचं. मी लिहिलं आणि तपासलं नाही. तेव्हा तपासलं असतं तर कदाचित हे एवढं झालं नसतं."

केवळाबाई ऐकत होती. तिच्या हातात एक ओलसर फडका होता, तो तिनं पिळला. पाणी निघालं नाही. पंचशीला वाट पाहत राहिली, शिवीची, रडण्याची, किंवा असू द्या बाई, या शब्दांची. खरं तर तिसऱ्याचीच.

"मंग हे आमाला कामून सांगायलाव?" केवळाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या जिवाचं वजं उतरावं म्हून? आन आमी कुठं ठिवावं ते? त्यो बाबा आत तुमचं नाव घेतोय. आता त्याच्यापुढं म्या कसं बसू?"

केवळाबाई वळून आत गेली. परतीच्या एस्टीत खिडकीची काच नीट बंद होत नव्हती आणि तुळजापूरपासून औशापर्यंत तोंडावर धूळ येत राहिली. तिला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं खरंच थोडं वाटत होतं, हेच वाईट होतं.

एप्रिलच्या मध्याला शेषेराव लातूरला परत आला. अशक्तपणामुळं तो स्वतः दवाखान्यात आला नाही, पण त्याचं नाव येऊ लागलं. चाकूरकडची माणसं, मिलमधले हमाल, कुणाच्या कुणाच्या सासवा, सगळे शेषेरावनं सांगितलं म्हणून यायचे. "त्या बाई माणसामागं सोलापूरला जात्यात." भिंतीच्या कडेची रांग दुप्पट झाली. संगप्पा वैतागून म्हणाला, "म्याडम, सगळ्या जिल्ह्याचं लिव्हर आपल्याच दारात आलंय." तिला हसू आलं नाही. ती प्रत्येकाला तपासायची. मे महिन्यात पाणी आणखी तुटलं तेव्हा तिनं तापाच्या माणसांना आधी घेऊन खरजेच्यांना शेवटी ठेवलं, घरून कळशी आणू लागली, आणि तरी एखाद्या दिवशी दोन-चार माणसं हात न लावता जायची. त्यांची नावं ती वेगळ्या वहीत लिहून दुसऱ्या दिवशी परत बोलवायची. निम्मी यायची नाहीत. जी येत नसत ती तिच्याबरोबर घरी यायची, जेवायला बसायची. माणसं भरवशानं उघडी होऊन समोर झोपायची आणि तिला वाटायचं, ह्यांना कुणीतरी चुकीचा पत्ता दिलाय.

जुलै लागला तरी आभाळ कोरडंच होतं. एका सोमवारी भिंतीच्या कडेच्या रांगेतून केवळाबाई आत आली. ती वाळली होती, बाकी तशीच होती. स्टुलावर बसली आणि पंचशीलाच्या मागच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "जळजळतंय. हितं, काळजाच्या खाली. अन्न बघून मळमळतंय. कवा कवा गोळा उठल्यावानी होतंय."

"कधीपासून?"

"सोलापूरपासून."

टेबलाशी औषधाच्या चिठ्ठ्या फाडत असलेल्या संगप्पाला पंचशीलानं बाहेर जायला सांगितलं. केवळाबाई न सांगताच तपासणीच्या टेबलावर चढून आडवी झाली, पदर बाजूला केला आणि डोळे मिटून घेतले. पंचशीलानं हात धुतले, पुसले, ऊब यावी म्हणून एकमेकांवर घासले. मग तपासलं. कोपऱ्या कोपऱ्यानं, श्वास घ्यायला लावून, कुशीवर वळवून, ठोकून. जीभ, डोळे, नखं. वजन घेतलं. बोटांखाली काहीच लागत नव्हतं. ती परत सुरुवातीपासून गेली. काहीच नव्हतं.

"त्यांना सांगितलं न्हाई म्या," केवळाबाई डोळे मिटूनच म्हणाली. "दिसभर तुमचंच कवतिक चालू असतंय त्यांचं. पावनं आलं की त्येच. म्या भाकरी थापत ऐकते. कुनाला सांगावं? दीरानं ऐकलं तर काठी घिऊन यील हितं. मंग गिळते. गिळलं की जळतंय."

"दुसऱ्या कुणाला दाखवलं का?"

"दुसरं कोन हाय?" ती म्हणाली. त्यात राग नव्हता. पैसे न घेता बघणारा जवळचा दवाखाना एकच होता, एवढंच होतं.

पंचशीला टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली. बाहेर रांग कुरकुरत होती. पांढऱ्या गोळ्या देता आल्या असत्या, आणि त्यांनी थोडं बरंही वाटलं असतं. टॉनिक लिहिता आलं असतं. तिला दोन गोष्टींची भीती वाटत होती आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या होत्या. एक, या पोटात तिला न लागलेलं काहीतरी आहे. दुसरी, या पोटात जे आहे ते तिनंच ठेवलेलं आहे.

"मला आज हाताला काही लागलं नाही," ती म्हणाली. "याचा अर्थ काही नाहीच असं मी म्हणत नाही. थोड्या गोळ्या देते, आठ दिवसांनी परत तपासते. मधे ताप आला, डोळे पिवळे झाले, उलटीत रक्त दिसलं, शौचाला काळं झालं, तर त्याच दिवशी यायचं. रांगेत थांबायचं नाही, सरळ आत यायचं."

"ताप, पिवळं, रगत, काळं," केवळाबाई बोटांवर मोजत म्हणाली. तिनं ते एकदा बरोबर मोजलं, मग परत एकदा. "आन ह्यातलं काहीच न्हाई झालं, नुसतं असंच जळत राहिलं तर?"

"तरी यायचं." पंचशीला टेबलाची कड सोडून सरळ उभी राहिली. "आणि येताना शेषेरावांना घेऊन या. मी सांगते त्यांना. तुम्ही नाही सांगायचं, मी सांगायचं होतं ते. तिथंच सांगायचं होतं."

केवळाबाईनं आता पहिल्यांदा डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं. "मंग ते तुमच्याकडं फिरून येनार न्हाईत."

"नाही आले तर नाही."

"चार लोकांत बोलतील बी. लई बोलतील. मानूस भोळा हाय, पन रागाला वंगाळ हाय."

"बोलू द्या."

केवळाबाई उठून बसली. पदर खांद्यावर घेतला, पाय खाली सोडले, पण उतरली नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिच्या केसांत डाळीचा पिवळा भुसा चमकत होता. ती आता मिलमध्ये चाळण्यांवर लागली होती, शेषेरावच्यानं उभं राहवत नव्हतं म्हणून. ती मनाशी काहीतरी जुळवत होती आणि पंचशीला तिच्या तोंडाकडं बघत होती. दारात संगप्पा खाकरला. "म्याडम, रांग..." "थांबू दे," पंचशीला म्हणाली.

"पुढचा सोमवार लई लांब होतोय," शेवटी केवळाबाई म्हणाली. "येवढे दिस म्या गिळनार न्हाई आता. उद्याच्याला आनलं असतं, पन उद्यापून गुरुवारपोतर माझी दिसपाळी हाय." ती टेबलावरून उतरली आणि चपला शोधू लागली. "शुक्करवारी आनते त्यांना."

पंचशीलानं तिच्या केसपेपरावर शुक्रवार लिहिला. मधे तीन दिवस होते.